स्वमग्न माणूस कोठडीत जातो तेव्हा

15 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग बंद्यांच्या हक्कांबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. खटला तामिळनाडूतला होता. स्नायूंच्या आजाराने अपंगत्व आलेल्या एका वकिलाला कोइमतूरच्या कारागृहात आवश्यक सोयी मिळाल्या नव्हत्या. तुरुंगात येणाऱ्या प्रत्येक दिव्यांग माणसाची दाखल होतानाच नोंद घ्या, त्याला कळेल अशा स्वरूपात नियम सांगा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, असे निर्देश त्यात होते. 2 डिसेंबर 2025 रोजी न्यायालयाने ते सगळ्या राज्यांना लागू केले.

बातम्यांत चर्चा झाली ती रॅम्प, व्हीलचेअर आणि कमोडची. ती व्हायलाच हवी होती. पण एक अपंगत्व असं आहे की ते दारातून चालत आत येतं, नाव विचारलं तर नाव सांगतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ते म्हणजे स्वमग्नता, अर्थात ऑटिझम. असा माणूस पोलिस ठाण्यात आणि पुढे बराकीत पोहोचला तर काय होतं, कायदा त्याला काय देतो आणि गाडं नेमकं कुठे अडतं, ते इथे पाहू.

आधी शब्द नीट समजून घेऊ

स्वमग्नता हा आजार नाही. ती मेंदूच्या घडणीतली जन्मजात वेगळी रीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधल्या 21 अपंगत्वांत तिचा समावेश आहे. संवाद साधणं, नाती आणि त्यांतले संकेत समजणं यावर तिचा मोठा परिणाम होतो, आणि ठरावीक हालचाली किंवा ठरावीक क्रम पुन्हा पुन्हा करणं तिच्यासोबत अनेकदा आढळतं, असं कायद्यातल्या व्याख्येचं सार आहे. कोणी अजिबात बोलत नाही, तर कोणी अभियंता असतो आणि तीन भाषा बोलतो. दोघेही स्वमग्नच.

तुरुंगाच्या संदर्भात तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. पहिली, संवेदनांचा मारा. पंगतीत आठ वाढपी आठ पदार्थ घेऊन एकाच पानासमोर एकाच वेळी उभे राहिले तर जेवणारा हात आडवा धरतो. स्वमग्न माणसाच्या मेंदूसमोर आवाज, उजेड, वास आणि स्पर्श असेच एकदम उभे ठाकतात, आणि त्याला हात आडवा धरता येत नाही. दुसरी, न लिहिलेले नियम. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर किती टेकायचं, दारात कोणी उभं राहायचं, 'कुठे उतरणार?' हे कधी विचारायचं, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं. बाकीचे दोन दिवसांत शिकतात. स्वमग्न माणसाला ते कोणीतरी एकेक करून सांगावं लागतं. तिसरी, शब्दाचा शब्दशः अर्थ. हिचा फटका सगळ्यात आधी बसतो, पोलिस ठाण्यातच.

स्वमग्नतेमुळे माणूस गुन्हेगार होतो, हा समज चुकीचा आहे. अशी माणसं गुन्ह्याला बळीच जास्त पडतात. पण कोणाच्याही घरात सरळ शिरणं, एकटक पाहत राहणं, आवडीच्या वस्तूला हात लावणं, गर्दीत गोंधळून कोणाला ढकलणं, एखाद्याच्या सांगण्यावरून पार्सल पोहोचवणं, अशा गोष्टींवरून तक्रार होते आणि प्रकरण ठाण्यात जातं. काही जणांनी गंभीर गुन्हे केलेलेही असतात. हा लेख त्यांच्याबद्दलही आहे.

चौकशीच्या खोलीत काय बिघडतं

पोलिसी मराठी ही रूपकांची भाषा आहे. 'चल, सगळं ओक', 'तोंड उघड', 'आता कसा लाइनीवर आलास' ही वाक्यं ज्याला शब्दशः ऐकू येतात तो तोंड उघडून बसतो, आणि समोरच्याला ती थट्टा वाटते. डोळ्याला डोळा न देणं म्हणजे लपवाछपवी, हा तपासातला जुना ठोकताळा. स्वमग्न माणसाला मात्र डोळ्यांत पाहिलं की ऐकायला जड जातं, म्हणून तो ऐकण्यासाठीच नजर वळवतो.

त्याहून घातक गोष्ट म्हणजे प्रतिध्वनी. काही स्वमग्न माणसं प्रश्न आहे तसाच परत बोलतात, आणि 'मी'च्या जागी 'तू' वापरतात. 'तू मोबाइल घेतलास ना?' या प्रश्नाला 'तू मोबाइल घेतलास ना' असं उत्तर येतं. लिहिणारा हवालदार कागदावर 'होय, मी मोबाइल घेतला' असं उतरवतो. कागद खरा दिसतो, पण त्यातलं वाक्य त्या माणसाचं नसतं. शिवाय अनेकांना लहानपणापासून 'हो म्हण, म्हणजे सुटशील' हेच शिकवलेलं असतं. तेव्हा आवाज, ट्यूबलाइटची घरघर आणि चार माणसांचा घोळका थांबावा म्हणून ते कशालाही हो म्हणतात. 'वकील हवा का?' या प्रश्नाला 'नको' हे उत्तर येतं, कारण वकील कशासाठी असतो हे त्यांना कोणी समजावलेलंच नसतं.

यावर लगेच एक आक्षेप येतो: पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालतच नाही, मग बिघडलं कुठे? कबुली पुरावा ठरत नाही, हे भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 23 प्रमाणे बरोबर आहे. पण त्याच कलमात अपवाद आहे. आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढी माहिती पुराव्यात येते. आणि कबुली न्यायालयात टिकली नाही, तरी तिच्यावरून तपासाची दिशा ठरते, रिमांड मागितला जातो आणि जामिनाला विरोध होतो. निकाल लागेपर्यंत माणूस आत असतो.

मदतनीस माणूस कायद्यात आहे का

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1984 च्या पोलिस कायद्याखालच्या नियमांनुसार असुरक्षित आरोपीची चौकशी एका त्रयस्थ प्रौढाशिवाय करता येत नाही. हा माणूस नातेवाईक असेल किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक. प्रश्न समजला का, उत्तर नीट उतरलं का, एवढंच पाहणं त्याचं काम. वकील वेगळा, हा वेगळा.

आपल्याकडे असं स्वतंत्र पद नाही. पण दार बंदही नाही. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 12 न्यायालयाबरोबरच तपासाचे अधिकार असलेल्या यंत्रणेलाही लागू होतं. म्हणजे पोलिस त्यात आले. त्याच कलमात दिव्यांग व्यक्तीचं म्हणणं तिच्या पसंतीच्या भाषेत आणि पद्धतीने नोंदवण्याची सोय करायला सांगितलं आहे. म्हणून पालकांनी किंवा वकिलाने तपास अधिकाऱ्याकडे कलम 12 चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा: चौकशीच्या वेळी संवादासाठी ओळखीची व्यक्ती हजर असू द्या, प्रश्न लहान आणि सरळ ठेवा, उत्तराला वेळ द्या. अर्ज स्वीकारला नाही तर तोच पहिल्या रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवावा. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नये. पोच नसेल, तर पुढे 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' या वाक्याला उत्तर उरत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली, म्हणजे अटक, तपास आणि खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्यातली, आणखी काही कलमं इथे कामाची आहेत. कलम 179 प्रमाणे साक्षीदार म्हणून बोलावताना मानसिक किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला घराबाहेर कुठेही हजर राहायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. मात्र हे साक्षीदारापुरतं आहे, आरोपीला नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत अटकेऐवजी कलम 35 ची नोटीस देता येते. अटक झालीच तर नातेवाइकाला कळवणं, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं, वैद्यकीय तपासणी आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं हे सगळ्यांच्याच हक्काचं आहे. त्यातली वैद्यकीय तपासणी सोन्याची संधी असते. तपासणाऱ्या डॉक्टरला त्याच वेळी निदानाचा कागद दाखवला, तर 'स्वमग्नता' हा शब्द पहिल्या दिवशी सरकारी कागदावर येतो.

'मग वेडेपणाचा बचाव घ्या ना!'

हा सल्ला वकीलही देतात. बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम 22 म्हणतं की मनाच्या विकृतीमुळे कृत्याचं स्वरूपच कळत नसेल, किंवा ते गैर वा बेकायदा आहे हे कळत नसेल, तर तो गुन्हा नाही. ही कसोटी कडक आहे, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. बोलणाऱ्या, शिकलेल्या स्वमग्न माणसाला चोरी चूक आहे हे नक्की ठाऊक असतं. त्याला जे कळत नाही ते वेगळं आहे. समोरची बाई घाबरली आहे, मित्र म्हणवणारा आपल्याला वापरतो आहे, 'बरं, बोलू नंतर' म्हणजे आता निघायला हवं, हे त्याला कळत नाही. या गोष्टी कलम 22 मध्ये बसत नाहीत. त्या हेतूच्या प्रश्नात, जामिनात आणि शिक्षा ठरवताना मांडायच्या असतात, आणि तिथे त्यांना वजन येतं.

दुसरा मार्ग म्हणजे खटल्याला सामोरं जाण्याची क्षमता. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 ते 369 मध्ये मनोविकृती आणि बौद्धिक अपंगत्व दोन्हींचा विचार आहे. आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नाही असं दिसलं, तर दंडाधिकारी जिल्हा शल्यचिकित्सकाकडून आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करून घेतात. खटला पुढे ढकलला जातो, आणि कुटुंब काळजी घेण्याची हमी देत असेल तर आरोपीला सोडता येतं. न बोलणाऱ्या, गंभीर स्वमग्नता असलेल्या माणसासाठी हाच योग्य रस्ता. पण त्यात धोकाही आहे. आजार बरा होतो आणि मग खटला चालतो, या गृहीतावर ही कलमं उभी आहेत. स्वमग्नता बरी होणारी गोष्ट नाही. खटला लोंबकळत राहतो. जामीन नाकारला गेला तर माणूस मनोरुग्णालयात जाऊ शकतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं मानसिक आजारांसाठी आहेत. स्वमग्न माणसाला ना तिथल्या उपचाराचा उपयोग, ना तिथली गर्दी सोसणारी.

या दोन टोकांच्या मधली वाट जास्त वेळा लागू पडते आणि सगळ्यात कमी वापरली जाते: खटला चालू द्यायचा, पण सोयी मागायच्या. साक्षीच्या वेळी दालनात कमी माणसं, दर अर्ध्या तासाला विश्रांती, एका वाक्यात एकच प्रश्न, पुढच्या तारखेला काय होणार हे आधी लिहून देणं. कायद्याच्या भाषेत यांना 'वाजवी सोयी' म्हणतात.

बराकीत पहिले दहा दिवस

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, क्षमतेच्या 131 टक्के. त्यांतले जवळजवळ 76 टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. हे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे. त्यांत मानसिक आजार असलेल्या बंद्यांची संख्या मिळते. स्वमग्न बंद्यांचा रकाना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 127 माणसांमागे एक जण स्वमग्न असतो. निव्वळ त्या प्रमाणाने हिशेब केला तरी आपल्या तुरुंगांत साडेचार हजार स्वमग्न माणसं असायला हवीत. हा माझा भागाकार आहे, मोजणी नाही. मोजणी कोणी केलेलीच नाही.

बहुतेकांना स्वतःलाच ठाऊक नसतं. आज चाळिशीत असलेल्यांच्या लहानपणी गावातल्या डॉक्टरने हा शब्द ऐकलेला नव्हता. घरी 'विक्षिप्त', शाळेत 'मंद', आणि आता तुरुंगात 'उद्धट', अशी त्यांची ओळख.

गेटवर झडती होते, सामान जमा होतं, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. अनोळखी हात अंगभर फिरतात. कानावर हलका स्पर्शही न सोसणाऱ्या माणसाची ही पहिली परीक्षा. नंतर बराक. रात्री दिवे चालू, माणसाला माणूस लागून झोपलेला, खोकला, टीव्ही, दारं आपटण्याचे आवाज, संडासाचा वास, आणि दिवसातून अनेकदा गिनती. झोप पहिल्या रात्रीपासून जाते. जेवणात ठरावीक दोन-तीन पदार्थच खाऊ शकणारा माणूस आमटीचा वास बदलला म्हणून उपाशी राहतो, आणि अन्नत्याग केला म्हणून त्याची नोंद होते.

औषधांचा प्रश्न तर जिवाशी येऊ शकतो. स्वमग्नतेसोबत अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, बऱ्याच जणांना असतो. फिटचं औषध अचानक थांबलं की एकामागून एक झटके येऊ शकतात. घरची औषधं तुरुंगात सहसा थेट घेत नाहीत. तुरुंगातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ती लिहून द्यावी लागतात, किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. म्हणून रिमांडच्या पहिल्याच तारखेला डॉक्टरची चिठ्ठी जोडून अर्ज करावा आणि औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ आदेशातच लिहून घ्यावी. तोंडी 'बघतो' यावर विसंबू नये.

आता न लिहिलेले नियम. कोणाची बादली कोणती, नळावर आधी कोण, कोणाकडे पाहायचं नाही. त्यातला सगळ्यात धोक्याचा नियम हा की अधिकाऱ्याने 'हे कोणी केलं?' विचारलं तर कोणीच काही पाहिलेलं नसतं. स्वमग्न माणूस खरं सांगतो. त्या दिवसापासून तो 'खबरी' ठरतो, आणि त्याला कळतही नाही की मार का बसला. याच्या उलटही घडतं. 'हे जरा तुझ्याकडे ठेव' असं गोड बोलून कोणी त्याच्या अंथरुणाखाली मोबाइल ठेवतं, आणि झडतीत तोच सापडतो. तुरुंगातल्या गैरवर्तनाच्या नोंदी पुढे भारी पडतात. पक्क्या कैद्याची शिक्षेतली माफी, संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, या सगळ्यांच्या वेळी हीच वही उघडली जाते.

स्फोट आणि गोठणं

मारा सहन होईनासा झाला की दोनपैकी एक घडतं. माणूस ओरडतो, डोकं भिंतीवर आपटतो, जवळ येणाऱ्याला ढकलतो. किंवा पूर्ण गोठतो. आवाज दिला तरी हलत नाही, गिनतीला उठत नाही. पहिल्याला दंगा समजतात, दुसऱ्याला हुज्जत. दोन्ही त्याच्या ताब्यात नसतात. आकडी आलेल्या माणसाला आपण 'नाटकं बंद कर' म्हणत नाही, तसंच हे.

अशा वेळी काय करायचं, हे एका कागदावर मावतं. आजूबाजूची माणसं हटवा. बोलायचं एकानेच, हळू आवाजात, चार-पाच शब्दांत: 'तुला कोणी मारणार नाही. मी इथे आहे.' उत्तराची वाट पाहा. दहा सेकंदांची शांतता आपल्याला लांब वाटते, त्याला ती लागते. हात लावू नका. डोकं आपटत असेल तर मध्ये घोंगडी किंवा उशी धरा. पालथं पाडून पाठीवर कधीही बसू नका, श्वास कोंडून माणूस दगावू शकतो. कोपऱ्यात, कमी उजेडात बसू द्या. शांत झाल्यावर लगेच जाब विचारू नका. त्यानंतर काही तास तो थकलेला असतो आणि शब्द सापडत नसतात.

यातल्या कोणत्याच पायरीला पैसे लागत नाहीत.

'त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं की प्रश्न मिटला'

तुरुंग अधिकारी हे चांगल्या हेतूने सुचवतात. पण शांत जागा आणि एकांतवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकांतवासाच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालय 1978 मध्येच, सुनील बत्रा खटल्यात, कडक बोललं आहे. शांत जागेत माणूस स्वतः जातो, दार उघडं असतं, परत यायची वेळ ठरलेली असते. बंद सेलमध्ये टाकलेल्या स्वमग्न माणसाला कधी सुटणार हे कळत नाही, आणि न कळणं हाच तर त्याचा मोठा त्रास. चालण्यासारखा तोडगा मधला आहे: लहान बराक, भिंतीकडेची कायमची एकच झोपायची जागा, संडास आणि टीव्हीपासून लांब, आणि शेजारी एखादा समजूतदार जुना बंदी. वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून दिलं तर कानात घालायला फोमचे बोळे. तेही नसतील तर कापूस.

याच्या उलट बाजूचा एक युक्तिवादही ऐकू येतो: स्वमग्न लोकांना वेळापत्रक आवडतं, मग तुरुंग त्यांना मानवेलच की. यात थोडं तथ्य आहे. उठणं, चहा, जेवण, बराक बंद होणं यांची ठरलेली वेळ काहींना खरोखर आधार देते. पण तुरुंगातल्या वेळा कागदावरच्या असतात. पोलिसांची गार्ड मिळाली नाही म्हणून तारखेला नेलं नाही, मुलाखत, म्हणजे घरच्यांची भेट, रद्द झाली, रातोरात बराक बदलली, हे नेहमीचंच. वेळापत्रकावर जीव टाकणाऱ्या माणसाला ते मोडण्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. बदल टाळता येत नसेल तर निदान आधी सांगता येतो. 'उद्या कोर्ट नाही. पुढची तारीख 14' एवढं चिठ्ठीवर लिहून हातात दिलं, तर एक स्फोट टळू शकतो.

'मग उद्या प्रत्येक जण ऑटिझम सांगेल'

ही शंका रास्त आहे, पण निदान काही तोंडी दाव्यावर होत नाही. आपल्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र देताना भारतीय ऑटिझम मूल्यमापन श्रेणी वापरली जाते. तिच्यात 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या खाली आली तर स्वमग्नता नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यापुढे तीव्र. शिवाय तज्ज्ञ लहानपणीचा इतिहास विचारतात: बोलायला कधी लागला, खेळण्यांच्या रांगा लावायचा का, कपड्यांवरच्या लेबलचा त्रास व्हायचा का. शाळेचे जुने शेरे आणि आईची आठवण इथे पुरावा ठरते. अटकेनंतर हे सगळं उभं करणं सोपं नाही. फसवणुकीपेक्षा उलटी चूक कितीतरी जास्त घडते: खऱ्या स्वमग्न माणसांपैकी बहुतेकांची नोंदच होत नाही.

'एवढ्या सोयींना पैसा कुठून आणायचा?' या आक्षेपाला उत्तर इंग्लंडच्या अनुभवात सापडतं. तिथल्या तपासणी यंत्रणांनी 2021 च्या संयुक्त आढाव्यात म्हटलं की तुरुंगात येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या मेंदूची घडण कोणत्या ना कोणत्या प्रकारे वेगळी असू शकते. या गटात स्वमग्नतेबरोबर अतिचंचलता, वाचनातली अडचण, डोक्याला मार लागल्याचे परिणाम हेही येतात. त्यानंतर तिथे तुरुंगातुरुंगात या कामासाठी स्वतंत्र व्यवस्थापक नेमले गेले. लंडनमधल्या फेल्टम इथल्या तरुणांच्या तुरुंगाने तर त्याआधीच तिथल्या राष्ट्रीय ऑटिझम संस्थेची मान्यता मिळवली होती, आणि अशी मान्यता मिळवणारा तो पहिला तुरुंग होता. तिथे भर होता तो कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर आणि लहान बदलांवर. इमारत पाडून बांधावी लागली नाही.

आपल्याकडे छोट्या सोयीसाठी काय करावं लागतं, हे तळोजा कारागृहात 2020 मध्ये दिसलं. एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेले, पार्किन्सन्सने हात थरथरणारे फादर स्टॅन स्वामी प्यायला नळी आणि सिपर मागत होते, आणि ते न्यायालयात अर्ज करून मागावं लागलं. त्यांचा थरकाप डोळ्यांना दिसत होता. ज्याचा त्रास दिसतच नाही त्याने काय करायचं?

कुटुंबाने हाताशी ठेवायचे कागद

घरात स्वमग्न तरुण किंवा प्रौढ असेल तर अटकेची वाट पाहू नये. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड, काढून ठेवावं. ते खिशात असावं आणि त्याचा फोटो घरच्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये. त्याच्या जोडीला एक पानाचा मराठी कागद तयार ठेवावा. त्यात नाव, निदान, औषधं आणि त्यांच्या वेळा, फिट येते का, कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, काय खातो, कसं बोलतो आणि दोन फोन नंबर लिहावेत. 'प्रश्न परत बोलून दाखवतो, ते उत्तर समजू नये' हे वाक्य लागू असेल तर ठळक लिहावं.

अटक झाली तर या कागदाच्या चार प्रती लागतात: तपास अधिकारी, दंडाधिकारी, तुरुंगाचा वैद्यकीय अधिकारी आणि वकील. दंडाधिकाऱ्यांना विनंती करून कोठडीच्या आदेशातच स्वमग्नतेची नोंद करून घ्यावी, कारण तुरुंगाचं गेट त्या आदेशावर उघडतं. वकिलाची ऐपत नसेल, आणि असली तरीही, दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातलं लोकअभिरक्षक कार्यालय आणि 15100 ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. सोयी नाकारल्या तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

जामिनासाठी दोन मुद्दे विसरू नयेत. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 480 आजारी आणि अशक्त आरोपीला गंभीर गुन्ह्यांतही जामिनाचा विचार करायला वाव देतं. आणि कलम 479 प्रमाणे, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, यापूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की त्याला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी हा काळ निम्मा. त्याबद्दल न्यायालयाला अर्ज करणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम आहे, पण तारखांचा हिशेब घरच्यांनीही ठेवावा. अनेक खटले एकाच वेळी चालू असतील तर हा लाभ अडतो, हेही ध्यानात असू द्यावं.

सुटकेच्या दिवशी

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस त्याच दिवशी बाहेर येतो असं नाही. हमीदाराची कागदपत्रं, न्यायालयाचा सुटकेचा आदेश, तो तुरुंगापर्यंत वेळेत पोहोचणं, अशा पायऱ्या असतात. आर्थर रोडसारख्या तुरुंगात आदेश टाकण्यासाठी जामीन पेटी असते. ती ठरावीक वेळेला उघडते, आणि आदेश पेटीत उशिरा पडला तर आणखी एक रात्र आत. म्हणून मुलाखतीत किंवा फोनवर 'आज सुटणार' असं कधीही सांगू नये. 'कागद तुरुंगात पोहोचला की सोडतील, आज किंवा उद्या' असं सांगावं.

बाहेर येताना गेटवर एकाच ओळखीच्या माणसाने थांबावं. हार, घोळका, फोटो नको. घरी गेल्यावर पहिले काही आठवडे झोप उलटीसुलटी राहते, दार आपटलं की अंग आकसतं, जेवण पूर्वीसारखं होत नाही. जामिनात पोलिस ठाण्यात दर आठवड्याला हजेरीची अट असेल, तर वकिलामार्फत तीत वार, वेळ आणि ज्याच्याकडे सही करायची तो टेबल ठरवून घ्यावा. पहिल्या हजेरीआधी एकदा त्या ठाण्याच्या बाहेरून चालत जाऊन यावं, आतल्या बाकाचा फोटो मिळाला तर घरी दाखवावा, आणि सोमवारी अकराला काय काय होणार ते पाच ओळींत लिहून त्याच्या खिशात ठेवावं.